प्रवासी बसेपर्यंत इंजिन बंद

म्हापशाच्या बस स्टँडवर उतरलं की पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली रांगेत उभ्या दिसतात. आपले गोव्याचे पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले. कुणी सीटवर आडवं बसून पेपर वाचतोय, कुणी नुसताच बसची वाट बघतोय. इंजिन मात्र सगळ्यांचं बंद. मागे कुणी बसलं की मगच गाडी सुरू. मुलांना पेशी शिकवताना मी त्यांना ही रांग आठवायला सांगते. आपल्या पेशींत माल वाहणाऱ्या मोटर प्रथिनांचं चालणं विलक्षण आहेच, पण मला जास्त नवल वाटतं ते त्यांच्या थांबून राहण्याचं.

यातलं कायनेसिन १९८५ साली सापडलं. ते शोधायला स्क्विडचा, म्हणजे आपल्या बाजारातल्या माणक्यांच्या जातीतल्या प्राण्याचा, जाडजूड चेतातंतू कामी आला. कायनेसिनच्या दोन टोकांना शास्त्रज्ञ डोकी म्हणतात, पण ती टाकली जातात पावलांसारखी. सूक्ष्मनलिकेच्या रुळावर एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा चेतातंतू मीटरभर लांब असतो, म्हणजे साडेबारा कोटी पावलं! एक मोटर शंभरेक पावलांतच रुळावरून निसटते, त्यामुळे हा माल अनेक मोटारी मिळून नेतात.

माल नसेल तेव्हा कायनेसिन घडी घालून बसतं. त्याची शेपटी मागे वळते आणि दोन्ही डोक्यांना बांधून ठेवते. एटीपी जळणं जवळजवळ थांबतं. ही घडी नसती तर रिकाम्या मोटारी इंधन जाळत रुळाच्या टोकाला जाऊन साचल्या असत्या. शेपटीजवळची छोटी प्रथिनं योग्य माल ओळखतात, रुळावर बसलेलं मॅप-७ नावाचं प्रथिन मोटरला रुळाशी धरायला मदत करतं, आणि घडी सुटते. ताऊ हे प्रथिन उलट कायनेसिनची वाट अडवतं.

यकृतातलं उदाहरण तर रोजच्या जेवणाशी जोडलेलं आहे. मुंबईत रूप मलिक यांच्या गटाने उंदरांवर काम करून दाखवलं की जेवल्यावर वाढलेलं इन्सुलिन यकृतातल्या चरबीच्या थेंबांवर कायनेसिन चढवतं. उपाशी असताना इन्सुलिन उतरतं आणि थेंबांवरचं कायनेसिन कमी होतं. थेंब जागच्या जागी राहतात, चरबी रक्तात जाणं आवरलं जातं. श्रावणी सोमवारच्या उपासाला मला हे हमखास आठवतं.

उलट दिशेने, पेशीच्या मध्याकडे माल आणणारं डायनिन आणखी हट्टी. त्याचे दोन अर्धे एकमेकांत अडकून ग्रीक फाय अक्षरासारखा आकार करतात, आणि तशा अवस्थेत ते चालत नाही. मानवी डायनिनला लांब पल्ला चालायला डायनॅक्टिन हा मोठा प्रथिनसमूह आणि मालाशी गाठ बांधणारं एक जोडप्रथिन, दोन्ही लागतात. हे २०१४ साली स्पष्ट झालं.

आणि लागतं लिस-१. या प्रथिनाचं जनुक १९९३ साली सापडलं, तेही मोटारींच्या शोधात नव्हे. काही बाळं जन्मतात ती मेंदूवरच्या वळ्या न पडलेल्या, जवळजवळ गुळगुळीत मेंदूची. पुढे त्यांना फिट्स येतात, बसणं-बोलणं फार मागे पडतं. त्यांतल्या बऱ्याच बाळांत या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते. डायनिन धडधाकट असतं, रूळ शाबूत असतात. कमी असतं ते फक्त लिस-१, साधारण निम्मं. गर्भात चेतापेशींना मेंदूच्या आतून बाहेरच्या थराकडे सरकावं लागतं, आणि त्या प्रवासात डायनिन पेशीचं केंद्रक ओढत नेतं. ओढ कमी पडली की पेशी वाटेतच थांबतात.

लिस-१ नेमकं करतं काय, यावर बरीच वर्षं घोळ होता. परीक्षानळीत ते डायनिनला रुळाशी घट्ट धरून मंद करताना दिसे, म्हणून त्याला ब्रेक समजलं जायचं. ब्रेक कमी झाला तर गाडी अडते कशी, हे कोडंच होतं. २०२०च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांच्या कामातून उत्तर जुळलं: लिस-१ फायचा अडकलेला आकार उघडा राखतं, म्हणजे डायनॅक्टिन आणि जोडप्रथिन येऊन बसू शकतात. मोटर चालू लागल्यावर ते बहुतेक वेळा सुटून मागे राहतं.