चेहऱ्याची कातडी आणि कुकरमधलं मटण

परवा मावशी भर दुपारी दांडिया बाजारातून आमच्याकडे आली, पाणी पण न पिता पर्समधून अलकापुरीतल्या कुठल्याशा क्लिनिकचं पॅम्फ्लेट काढलं आणि म्हणाली, अगं तू सायन्सवाली ना, सांग बरं, चेहऱ्याची कातडी घट्ट करायला हायफू करू की आरएफ? तिच्या मुलाचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. पॅम्फ्लेटवर मोठ्या अक्षरात, 'एका सिटिंगमध्ये दहा वर्षं कमी'.

मी म्हटलं, आधी रविवारचं मटण आठव. कुकरमध्ये टाकताना केवढे तुकडे असतात आणि निघतात केवढे! पाणी सुटतं हे खरंच, पण आतलं कोलॅजेनही आक्रसतं. कोलॅजेन म्हणजे तीन धाग्यांचा पीळ घातलेली दोरी, आणि तो पीळ धरून ठेवतात बारीक बारीक हायड्रोजन बंध. साधारण ६०-६५ डिग्रीला हे बंध सुटतात, पीळ उलगडतो आणि ताणलेली दोरी गोळा होऊन आखूड आणि जाड होते. आणखी शिजवलं की जिलेटिन, म्हणून तर पायाचा रस्सा फ्रिजमध्ये ठेवला की थिजतो. चेहऱ्यावर अर्थात रस्सा करायचा नाहीये, अगदी छोट्या छोट्या ठिपक्यांएवढ्याच जागी एवढं तापवायचं, बाकीची कातडी तशीच. मग शरीराला वाटतं जखम झाली, आणि फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी नवीन कोलॅजेन विणायला बसतात. खरा घट्टपणा या विणकामातून येतो.

हायफूत आवाजाच्या लहरी भिंगातल्या उन्हासारख्या एका बिंदूवर आणतात, पार साडेचार मिलिमीटर खोल, सर्जन फेसलिफ्टमध्ये जो थर ओढतात तिथपर्यंत, आणि वरची कातडी शाबूत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, भुवई उचलायला हे २००९ मध्ये मान्य केलं. आरएफमध्ये, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सीत, वीज कातडीतून जाते, कातडी विरोध करते म्हणून तापते, उष्णता त्यामानाने वरच्या थरात पसरते. म्हणजे बारीक सुरकुत्यांना आरएफ, हनुवटीखाली थोडं लोंबत असेल तर हायफू. पेसमेकर असेल तर आरएफचं नाव काढायचं नाही. लेसर मात्र आपल्या सावळ्या कातडीला जपून, कारण बऱ्याच लेसरचा प्रकाश कातडीला रंग देणारं मेलॅनिनच शोषून घेतं आणि मग डाग राहतात. आवाज आणि वीज रंग बघत नाहीत. फारच लोंबलं असेल तर यातलं काहीच ऑपरेशनची बरोबरी करत नाही, तेव्हा दहा वर्षं कमी वगैरे सोडा.

आणि हो, ते 'कोलॅजेन क्रीम'. कोलॅजेनचा रेणू जवळजवळ ३ लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप), कातडीतून सहज आत जातं ते ५०० च्या आतलं. आपल्या बडोद्याच्या मांडवी दरवाजाखालून हत्ती जाईल, किल्लीच्या भोकातून कसा जाणार? क्रीमने कातडी मऊ होते, बस.

मावशीने एवढं सगळं ऐकून एकच विचारलं, ते विणकाम किती दिवसात होतं? म्हटलं, दोन-तीन महिने तरी, कधी सहा पण. तिने बोटांवर मोजलं, पॅम्फ्लेटची घडी घालून परत पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, म्हणजे लग्नाला नाहीच, सुनेच्या डोहाळजेवणाला मात्र मी फोटोत छान येईन.