प्रेस्टन स्टर्जेस 'पहिला' होता, पण नक्की कशात?

हॉलिवूडमध्ये स्वतःची स्क्रिप्ट स्वतः डायरेक्ट करणारा पहिला लेखक म्हणजे प्रेस्टन स्टर्जेस, हे इतकी वर्षं फिरतंय की लोकांना ते खरंच वाटतं. पण तसं नाहीये हो! चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' १९२५ चा, लेखन-दिग्दर्शन दोन्ही त्याचंच, आणि एरिक फॉन स्ट्रोहाइम हा मूकपटांच्या काळातला दिग्दर्शक तर १९१९ मध्येच हे करून बसला होता.

मग स्टर्जेसचं विशेष काय? तर बोलपट आल्यावर मोठ्या स्टुडिओत लेखक म्हणजे पगारी माणूस, स्क्रिप्ट द्यायची आणि गप्प बसायचं, सेटवर काय होतंय ते विचारायचं नाही. अशात या पठ्ठ्याने पॅरामाउंटला 'द ग्रेट मॅकगिंटी'ची स्क्रिप्ट फक्त १० डॉलरला विकली, अट एकच, डायरेक्ट मीच करणार. १९४० ला पिक्चर आला आणि ओरिजिनल स्क्रीनप्ले या नव्या कॅटेगरीचं पहिलंवहिलं ऑस्कर त्यालाच मिळालं, हे 'पहिला' मात्र शंभर टक्के खरं. त्याच्या मागोमाग १९४१ मध्ये जॉन ह्यूस्टन आणि १९४२ मध्ये बिली वाइल्डर हे लेखकही हॉलिवूडमध्ये डायरेक्टर झाले.