ट्रकच्या लेदर सीटला खोबरेल तेल? ते आत जातच नाही

ट्रकच्या लेदर सीटला अधूनमधून खोबरेल चोळलं की ती तडकत नाही, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे, पण त्याचं मूळ समजण्यासारखं आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, वर प्लास्टिकचा थर नसतो. ते खरोखर तेल पितं आणि मऊ पडतं.

गाडीच्या सीटचं लेदर वेगळं. ते बहुतेकदा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं आणि त्यावर रंगाचा व पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर असतो. तेल त्या थरावरच बसतं, धूळ धरून ठेवतं. मग चढता-उतरता घासली जाणारी ड्रायव्हरकडची कड सँडपेपर फिरवल्यासारखी झिजते. तडे बहुधा या वरच्या थरातच सुरू होतात. ऊन, घाम आणि घर्षण ही त्यांची कारणं.

शंका असेल तर पाण्याचा थेंब टाका. तसाच टिकला तर थर आहे. मुरला तर लेदर उघडं आहे आणि जास्त जपावं लागेल. (आपल्याकडच्या ट्रकमध्ये ‘लेदर’ म्हणून बसवलेलं पुष्कळदा रेक्झिनच असतं. कव्हर उलटून पाहा, मागे विणलेलं कापड दिसेल. त्याला लेदर मऊ ठेवणाऱ्या कंडिशनरचा उपयोग नाही.)

थर असलेल्या सीटला आधी व्हॅक्यूम, मग सौम्य क्लीनरचा फेस मऊ ब्रशने, ओल्या फडक्याने पुसणं, सावलीत वाळवणं. थिनर, स्पिरिट अजिबात नको. कंडिशनर लावायचाच तर पाण्यावर आधारित, अगदी पातळ. त्याहून जास्त फायदा उभ्या गाडीच्या काचेला सनशेड लावल्याने होतो.