बर्फफोड्या जहाजाला धार नसते

‘बर्फ फोडणारं जहाज सुरीसारख्या नाळेने (पुढच्या टोकाने) बर्फ कापतं, म्हणून झिजून चार-पाच वर्षांत भंगारात जातं,’ असा फॉरवर्ड जुनाच आहे. पटतोही चटकन.

पण अशा जहाजाचा बाजूने काढलेला फोटो पाहा. नाळेला धार नाही, तिरका उतार आहे. त्या उतारावरून जहाज बर्फावर चढतं आणि वजनाने तो खाली मोडतो. वाटीवर भाजलेला पापड ठेवून अंगठ्याने दाबा, तसंच.

आयुष्याचं म्हणाल, तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांमधलं ‘मॅकिनॉ’ १९४४ साली सेवेत आलं, २००६ साली निवृत्त झालं. पोलादी पत्रा सुमारे ४ सेंटिमीटर जाड! गोड्या पाण्यात गंज कमी, हेही खरं. पण १९७६ सालचं ‘पोलर स्टार’ अंटार्क्टिकाच्या खाऱ्या समुद्रातही चाळीसहून अधिक वर्षं राबलंय. ‘मॅकिनॉ’ आता मिशिगनमध्ये संग्रहालय आहे. तिथे राहणाऱ्या नातेवाइकांना नाळेचा फोटो पाठवायला सांगा.