घरी विमान बांधायचं आणि हिवाळ्यात उडवायचं: अमेरिकेतली परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन असल्या थंड भागात नोव्हेंबर ते मार्च बाहेर फारसं काही करता येत नाही, मग गॅरेजमध्ये काय करायचं याचा विचार करता करता बरेच लोक विमानापर्यंत पोचतात. आपल्या मराठी मंडळींमध्येही हे विचारणारे बरेच आहेत, विशेषतः मेकॅनिकल आणि एरोस्पेसवाले. तर सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत विमान बांधायला लायसन्स लागत नाही, इंजिनिअर असायची अट नाही, काम सुरू करायच्या आधी कुणाची परवानगीही काढावी लागत नाही. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या छोट्या गावात बर्नार्ड पीटेनपोल यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन लावून लाकडाचं दोन सीटचं विमान उडवलं, आणि त्या प्लॅनवरून लोक आजही विमानं बांधतात.

परवानगी लागते ती शेवटी, उडवायच्या आधी. पण ती मिळणार की नाही हे तुम्ही पहिल्या दिवसापासून काय लिहून ठेवलं आणि कशाचे फोटो काढले यावरच ठरतं, म्हणून कागदपत्रं हे विमान झाल्यावरचं काम समजू नका.

आधी कुठला रस्ता ते ठरवा

दोन रस्ते आहेत. पहिला अल्ट्रालाइटचा (अगदी हलकं, एका माणसाचं विमान), म्हणजे एफएएच्या, अर्थात अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, नियमावलीतला पार्ट १०३. यात एकच माणूस बसू शकतो, रिकामं वजन २५४ पौंडाच्या आत म्हणजे साधारण ११५ किलो, पेट्रोल जास्तीत जास्त ५ गॅलन, फुल पॉवरला सरळ उडताना वेग ५५ नॉटच्या (ताशी साधारण १०० किलोमीटर) वर जाता कामा नये आणि स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याखाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो वेग, २४ नॉटच्या आत पाहिजे. एवढ्यात बसलात तर रजिस्ट्रेशन नाही, एअरवर्दिनेस सर्टिफिकेट (विमान उडायला योग्य असल्याचा दाखला) नाही, पायलट लायसन्स नाही, मेडिकल म्हणजे डॉक्टरी तपासणीचा दाखला नाही. मात्र उडायचं फक्त दिवसा, दाट वस्तीवरून जायचं नाही आणि उद्देश निव्वळ हौस किंवा खेळ. लायसन्स लागत नाही म्हणून ट्रेनिंग घ्यायचं नाही असा अर्थ कृपा करून काढू नका, दोन सीटच्या विमानात इन्स्ट्रक्टरबरोबर शिकूनच यात बसा.

अल्ट्रालाइट बहुतेक उघडी असतात आणि हिवाळ्यात हाच खरा प्रश्न होतो. बाहेर उणे ५ सेल्सिअस असेल आणि तुम्ही ताशी ८० किलोमीटरने जात असाल तर उघड्या कातडीला ते उणे १७ च्या आसपास जाणवतं. बोटं बधिर झाली की थ्रॉटल कुठे आहे ते हाताला कळत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे एक्सपेरिमेंटल, अमॅच्युअर बिल्ट, अर्थात हौशी लोकांनी बांधलेलं प्रायोगिक विमान. बंद केबिन, दोन किंवा चार सीट, लांबचा प्रवास हे सगळं यात येतं आणि पुढची सगळी माहिती याच रस्त्याची आहे.

पात्रता: विमानाची आणि तुमची

विमानासाठी मुख्य अट अशी की त्याचा बहुतांश भाग हौस किंवा शिक्षण म्हणून काम करणाऱ्या लोकांनी बनवलेला आणि जोडलेला पाहिजे, ज्याला सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. हे सगळं काम एकट्यानेच करायला पाहिजे असं नाही, दोन-तीन मित्र मिळून केलंत, मुलांनी हात लावला, तरी ते तुमच्याच खात्यात धरलं जातं, पण पैसे देऊन कुणाकडून करून घेतलेलं काम त्यात धरत नाहीत. इंजिन, प्रोपेलर, चाकं, ब्रेक, मीटर या वस्तू विकतच घ्यायच्या असतात, त्या या हिशोबात येत नाहीत, रंगकाम आणि सीटचं शिवणकामही येत नाही. किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, घेणार असाल तर ते एफएएच्या तपासलेल्या किटांच्या यादीत आहे का ते पैसे भरायच्या आधी बघा, कारण यादीत असेल तर ५१ टक्के सिद्ध करायचा त्रास खूप कमी होतो. क्विक-बिल्ड किट (ज्यातलं बरंच काम आधीच झालेलं असतं) घेत असाल तर नेमकं त्याच प्रकाराचं नाव यादीत आहे का तेही बघा.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. विमान स्वतःच्या नावावर रजिस्टर करायला तुम्ही अमेरिकेचे नागरिक पाहिजेत किंवा ग्रीन कार्डधारक. एच-१बी वर असाल तर स्वतःच्या नावावर रजिस्ट्रेशन होत नाही. ट्रस्टच्या नावावर करायचा मार्ग आहे पण त्याला वकील लागतो आणि खर्चही येतो. त्यामुळे व्हिसावर असलेल्यांनी एक तर बांधकाम चालू ठेवून ग्रीन कार्ड आल्यावर रजिस्ट्रेशनला हात घालावा, नाहीतर अल्ट्रालाइटकडे बघावं, कारण तिथे रजिस्ट्रेशनच नाही. आणि पायलट लायसन्ससाठी शिकायचं असेल तर नागरिक नसलेल्या सगळ्यांना, ग्रीन कार्डवाल्यांना सुद्धा, आधी टीएसए या अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याकडून सिक्युरिटी क्लिअरन्स घ्यावा लागतो. हे फ्लाइंग स्कूलला पहिल्याच फोनवर विचारा, कारण क्लिअरन्सशिवाय ट्रेनिंग सुरू होत नाही.

लायसन्स कुठलं हाही प्रश्न येतो. २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलट या छोट्या विमानांसाठीच्या सोप्या लायसन्सच्या मर्यादा बऱ्याच वाढल्या आहेत, फ्लॅप न लावता ५९ नॉटपर्यंत स्टॉल होणारी विमानं आता त्यात बसतात, म्हणजे घरी बांधलेली बरीचशी विमानं आली, आणि मेडिकलऐवजी ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, फक्त तुमचं शेवटचं मेडिकल नाकारलेलं नसावं. पॅसेंजर मात्र एकच.

बिल्डर लॉग

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते अर्ज अडकतो तो इथेच. कॅनडात विमानाचा सांगाडा झाकून बंद करायच्या आधी मधल्या टप्प्यावर तपासणी असते, अमेरिकेत एफएए एकदाच येते आणि तीही शेवटी. तोपर्यंत पंखाच्या आतला स्पार, म्हणजे मुख्य आधाराचा दांडा, पत्र्याखाली किंवा कापडाखाली गेलेला असतो. आत काय आहे आणि ते कुणी केलं याचा पुरावा म्हणजे तुमची वही आणि तुमचे फोटो, दुसरं काहीच नाही.

रोज काम झालं की तारीख, किती तास, कुठला भाग, प्लॅनचं कुठलं पान, आणि फोटो. फोटोत तुम्ही स्वतः काम करताना दिसायला पाहिजेत, नुसत्या तयार रिबचा (पंखाला आकार देणारी फासळी) फोटो कुणीही काढू शकतो. सगळ्या पावत्या ठेवा, रिव्हेटच्या पाकिटाची सुद्धा.

हिवाळ्यात बांधणाऱ्यांनी यात अजून एक कॉलम घालावा, गॅरेजचं तापमान. इपॉक्सीला, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या गोंदाला, थंडी चालत नाही. बऱ्याचशा इपॉक्सी साधारण २१ सेल्सिअसला नीट बसतात, त्याखाली तासन्‌तास चिकटच राहतात आणि काही तर पूर्ण पक्क्या होतच नाहीत, त्यामुळे डब्यावर उत्पादकाने किमान तापमान काय दिलंय ते वाचा आणि हवेचं नाही तर लाकडाचं तापमान मोजा, कारण हीटर लावून खोली गरम झाली तरी स्पार आतून गारच असतो. प्रत्येक वेळी कालवलेल्या इपॉक्सीतला थोडा भाग कागदी कपात ठेवून त्यावर तारीख, तापमान आणि सांध्याचा नंबर लिहून ठेवायचा, आणि त्याच इपॉक्सीने लाकडाचे दोन तुकडे चिकटवून आठवड्याने तोडून बघायचे. सांधा तुटायच्या आधी लाकूड फाटलं तर काम चांगलं झालं. असे लेबल लावलेले कप आणि तुकडे खोकाभर घेऊन इन्स्पेक्टरसमोर बसलात की लाकडी विमानाबद्दलचे अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. चिमणी नसलेला गॅसचा किंवा केरोसीनचा हीटर मात्र बंद गॅरेजमध्ये नको, त्यातून पाण्याची वाफ निघते जी ताज्या रंगावर बसते, कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि थिनर उघडा असेल तर आगीची भीती वेगळीच.

ईएए, म्हणजे १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालेली आणि आता ऑशकॉशला असलेली एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, तिचे टेक्निकल काउन्सेलर घरी येऊन काम बघतात आणि पैसे घेत नाहीत. पंख बंद करायच्या आधी त्यांना नक्की बोलवा आणि ते आले होते याची नोंद लॉगमध्ये करा. सक्ती नाही, पण दुसऱ्या डोळ्यांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

कागदपत्रं आणि अर्ज

रजिस्ट्रेशन आधी आणि एअरवर्दिनेस नंतर, हा क्रम उलटा होत नाही. विमान पुरं व्हायच्या दोन ते चार महिने आधी ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीकडे अर्ज टाका. त्यात फॉर्म ८०५०-१ म्हणजे रजिस्ट्रेशनचा अर्ज, ८०५०-८८ म्हणजे हे विमान मी बांधलं आणि माझं आहे असं प्रतिज्ञापत्र ज्यावर नोटरीसमोर सही करायची, आणि किट असेल तर किट कंपनीकडून बिल ऑफ सेल. आवडीचा एन नंबर (विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर) हवा असेल तर तो आधीच रिझर्व्ह करून ठेवा. फी किरकोळ असते, पण चालू दर रजिस्ट्रीच्या साइटवर बघूनच पैसे पाठवा. रजिस्ट्रेशन आता ७ वर्षं चालतं.

त्यानंतर एअरवर्दिनेसचा अर्ज, तो एफएएच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. फॉर्म ८१३०-६ हा मुख्य अर्ज, ८१३०-१२ हे पात्रतेचं निवेदन की बहुतांश काम हौशी लोकांनीच केलंय, विमानाचं तीन बाजूंचं चित्र किंवा फोटो, वजन आणि बॅलन्सचा तक्ता, आणि कुठे, किती तास, कशासाठी टेस्ट करणार याचं पत्र. किट यादीत नसेल किंवा पैसे देऊन मदत घेतली असेल तर कामाची वाटणी दाखवणारी चेकलिस्टही मागतात. वजन करताना विमान लेव्हल करून हँगरची दारं पूर्ण बंद ठेवा, थोडा जरी वारा आत आला तरी पंख उचलले जातात आणि आकडा चुकतो.

इन्स्पेक्शन एफएएचा माणूस करतो किंवा त्यांनी नेमलेला खाजगी तपासनीस, म्हणजे डीएआर. एफएए फुकट करते पण वाट बघावी लागू शकते, डीएआर फी घेतो आणि ती तोच ठरवतो, म्हणून आधी विचारून घ्या. त्या दिवशी विमान उडायला तयार पाहिजे आणि तरीही सगळी झाकणं, काउलिंग (इंजिनावरचं आवरण), सीटखालच्या प्लेटा उघड्या पाहिजेत. बाहेर गोठलेलं असेल तर हँगरमध्ये निदान दोन हीटर आणि चांगला उजेड ठेवा, गारठलेला माणूस नीट बघू शकत नाही. जळणार नाही अशी डेटा प्लेट (विमानाची ओळख कोरलेली पट्टी), दाराजवळ एक्सपेरिमेंटल हा शब्द किमान २ इंच अक्षरात, पॅसेंजरला इशारा देणारी पाटी आणि बाजूला एन नंबर, हे त्याआधीच लावलेलं असावं.

घरून विमानतळावर ट्रेलरने नेताना जानेवारीतल्या रस्त्यावर मीठ असतं. ॲल्युमिनियमचं विमान असेल तर नीट झाकून न्या आणि पोचल्यावर धुवा, नाहीतर रिव्हेटच्या कडेने पांढरी बुरशी धरल्यासारखं गंजायला लागतं.

सर्टिफिकेट मिळालं, आता टेस्टिंग

सर्टिफिकेटबरोबर ऑपरेटिंग लिमिटेशन्स, म्हणजे विमान कसं आणि कुठे उडवायचं याच्या अटी, मिळतात, ती कायम विमानात ठेवायची. पहिला टप्पा फेज १, म्हणजे चाचणीची उड्डाणं. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी सर्टिफाइड असेल तर २५ तास, नसेल तर ४० तास, ठरवून दिलेल्या भागातच. तासांऐवजी कामांची यादी पुरी करायचाही पर्याय आता आहे. पॅसेंजर चालत नाही, बायकोला किंवा मित्राला एक फेरी असंही नाही. मदतीला दुसरा पायलट घ्यायचा असेल तर त्याचे ठराविक नियम आहेत ते आधी वाचा.

डिसेंबरात दिवस लहान, त्यात ढग, वारा, बर्फ, त्यामुळे नुसत्या वीकेंडवर ४० तास हिवाळ्यात पुरे होत नाहीत, हे धरूनच चाला आणि घाई करू नका. माझं स्पष्ट मत आहे की पहिलं उड्डाण कडाक्याच्या थंडीत करू नये. गार हवा दाट असते म्हणून विमान छान चढतं हे खरं, पण नवीन विमानात इंजिन नको इतकं थंड राहतंय की तेलाचा सेन्सरच चुकतोय हे कळायला वेळ लागतो. उडायचंच असेल तर प्रीहीट शिवाय, म्हणजे इंजिन आधी बाहेरून गरम केल्याशिवाय, स्टार्ट नको. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांना उणे १२ सेल्सिअसच्या खाली आणि कॉन्टिनेंटलला उणे ७ च्या खाली प्रीहीट करायला सांगितलंय. पंखावर दव गोठून आलेला पातळ थर सुद्धा पूर्ण काढायचा. इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदर नळीचं टोक बर्फाने बंद होऊन क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) दाब वाढतो आणि सील उडून तेल बाहेर येतं, म्हणून काउलिंगच्या आत नळीला छोटी खाच ठेवतात, ती आहे का बघा. आणि केबिन हीटर एक्झॉस्टवरून गरम हवा घेत असेल तर आवाज करणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म डोळ्यासमोर लावा, तो वास न येणारा गॅस आहे, झोप आल्यासारखं वाटतं आणि मग सगळं संपतं.

फेज १ संपला की विमान ठरलेल्या सगळ्या वेगांना आणि वळणांना नीट ताब्यात राहतं अशी सहीनिशी नोंद लॉगबुकात करायची, मग पॅसेंजर चालतो. भाड्याने प्रवासी किंवा माल मात्र कधीच नाही. नंतर प्रोपेलर बदलला, स्की लावल्या, असलं काही केलंत तर आधी जवळच्या एफएए ऑफिसला विचारा, मोठा बदल ठरला तर परत निदान ५ तास फेज १ करावा लागतो.

शेवटचा अर्ज बरेच जण विसरतात, तो रिपेअरमनचा, म्हणजे स्वतः बांधलेल्या विमानाची तपासणी स्वतः करायच्या सर्टिफिकेटचा. फॉर्म ८६१०-२ भरा, बिल्डर लॉग घेऊन जा, वय १८ पूर्ण आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पाहिजे, आणि मुख्य बांधणारा म्हणून हे सर्टिफिकेट एकालाच मिळतं, तेव्हा मित्रांबरोबर बांधत असाल तर ते कुणाच्या नावाने घ्यायचं हे आधीच बोलून घ्या. ते मिळालं की दर १२ महिन्यांची कंडिशन इन्स्पेक्शन (विमान उडायला सुरक्षित आहे का याची तपासणी) तुम्ही स्वतः करू शकता, नाहीतर दर वर्षी मेकॅनिक शोधायचा. विमान जानेवारीत पास झालं असेल तर दर जानेवारीला गारठ्यात सगळी झाकणं काढत बसावं लागेल, त्यापेक्षा पहिली इन्स्पेक्शन मुदतीच्या आधीच ऑक्टोबरमध्ये उरकून टाका, पुढचे १२ महिने तिथून मोजले जातात.