माल उतरवला, पण ठेवायचा कुठं?

नमस्कार मंडळी, भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या गाळ्यांना आम्ही थिनर, ॲसिड, कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ ब्लीच) पोचवतो, आणि आमची पोरं कॅन उतरवून आली की तेच सांगतात, की साहेब जागाच नाहीये, जिथं दिसेल तिथं ठेवून आलो. गाळा लहान असतो, मान्य आहे, पण दोन गोष्टी शेजारी नकोच.

ॲसिड आणि हायपो. सांडलं आणि दोन्हीचा ओघळ एकत्र झाला की क्लोरीन सुटतो, शटर अर्धं खाली असेल तर खोकत बाहेर पळायलाही वेळ मिळत नाही. फरशीचे डाग जाईनात म्हणून साफसफाईवाल्या मावशी दोन्ही एकत्र ओततात, त्यांना आधी समजावून सांगा, हे पत्रक भिंतीला चिकटवून उपयोग नाही. हायपोच्या झाकणाला बारीक भोक असतं ते मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण आतून गॅस सुटत राहतो. एका गाळ्यात वास येतो म्हणून त्यावर सेलोटेप मारली होती, एप्रिलमध्ये पत्र्याखाली तो कॅन फुटबॉलसारखा फुगला, नशीब की फुटायच्या आधी कोणीतरी बघितलं.

एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, टूल रॅकपासून लांबच ठेवा, नाहीतर मापं घ्यायच्या व्हर्नियरवर गंज चढला की मग तुम्ही आम्हालाच फोन करता. पातळ करताना पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यात कॉस्टिक नको, हायड्रोजन सुटतो.

थिनरचं वेगळंच आहे. त्यातलं टोल्युइन ४ डिग्रीच्या आसपासच पेटण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे डिसेंबरात पाषाणला पारा ८ वर आला तरी धोका आहेच. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट जड, खाली फरशीवर आणि पिटमध्ये साचते, त्यामुळे वरचा एक्झॉस्ट फिरतोय म्हणून निवांत राहू नका. ग्राइंडर, वेल्डिंग, बिडी, सगळं लांब. ड्रममधून लोखंडी डब्यात काढताना दोन्हींना वायर जोडून अर्थिंग करा.

आणि हात जोडून सांगतो, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काहीही काढू नका, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही, दुपारी तहानलेला पोरगा लेबल बघत बसत नाही. दुसऱ्या कॅनमध्ये काढलंच तर मार्करनं मराठीत नाव लिहा, हिंदीवाला कामगार असेल तर हिंदीतही.

डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं, मग दवाखाना. सोडा-लिंबू चोळू नका. एसडीएस शीट, म्हणजे केमिकलच्या सुरक्षेची माहिती असलेला कागद, मालाबरोबर देतो, ती फाइलला लागते फक्त, निदान ४ नंबरचा फर्स्ट एडचा भाग एकदा वाचा राव.

रिकामा ड्रम रिकामा नसतो, आत वाफ असते, त्याची शेगडी करायला कटर लावू नका. बूच घट्ट लावून बाहेर सावलीत ठेवा, पुढच्या फेरीला आमची गाडी घेऊन जाईल.