शंखवासी खेकडे आणि शंखाचा गंधशोध

शंखवासी खेकडा, म्हणजेच हर्मिट क्रॅब, याच्या अंगाचा पुढचा भाग टणक असतो, पण पोट उघडे, मऊ आणि पीळ घेतलेले असते. ते झाकण्यासाठी तो समुद्री गोगलगायीचा रिकामा शंख अंगावर वागवतो. शंख त्याला स्वतः तयार करता येत नाही आणि अंग तर वाढत राहते, म्हणून मोठ्या शंखाचा शोध जन्मभर सुटत नाही. किनाऱ्यावर धड शंख कमीच. काही फुटलेले, काही वाळूत गाडलेले, उरलेल्यांत आधीच कोणीतरी बसलेले. शंख मोकळा होतो तो बहुधा कोणीतरी मेल्यावर, आणि ती खबर खेकड्याला वासाने लागते.

वास घेण्याचे काम डोळ्यांजवळच्या आखूड मिशा करतात. त्यांच्या टोकाशी गंध टिपणाऱ्या बारीक केसांचा झुबका असतो. भरतीनंतर खडकातल्या डबक्यापाशी स्तब्ध बसून पाहिले, तर खेकडा या मिशा सारख्या झटकताना दिसतो. दर झटक्याला केसांमध्ये नवे पाणी शिरते. आपण नाकाने हुंगावे तसाच हा प्रकार. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यांवरही शंखवासी खेकडे भरपूर आहेत.

शिकारी प्राणी गोगलगाय खाऊ लागला, की तिच्या मांसातली प्रथिने विकरांमुळे तुटतात आणि त्यांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, पाण्यात मिसळतात. संशोधक डॅन रिटशॉफ यांनी १९८० साली कृत्रिम ‘शिकारस्थळे’ तयार करून दाखवले, की असे पाणी सोडले तरी खेकडे जमतात. म्हणजे शिकाऱ्याचे खाणे चालू असतानाच शंखाचे उमेदवार हजर झालेले असतात.

जमिनीवर राहणाऱ्या जातींमध्ये हीच ओढ फार तीव्र होते. कोस्टारिकाच्या ओसा द्वीपकल्पावर लीआ वाल्डेस आणि मार्क लेड्रे या संशोधकांनी ‘सीनोबिटा कॉम्प्रेसस’ या जातीवर प्रयोग केले. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्लॅस्टिकच्या नळ्यांत खेकड्याच्याच मांसाचे तुकडे घालून त्या किनाऱ्यावर ठेवल्या, तर पाच मिनिटांत एकेका नळीभोवती पन्नासच्या आसपास खेकडे गोळा झाले. गोगलगायीच्या मांसाभोवती एवढी गर्दी झाली नाही. यामागचे कारण मला या साऱ्या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते. जमिनीवरचे खेकडे शंख आतून कोरतात, मधला खांब काढून टाकतात, भिंती पातळ करतात. शंख हलका आणि ऐसपैस होतो. असा कोरलेला शंख पिढ्यान्‌पिढ्या एकाकडून दुसऱ्याकडे जातो. अगदी लहान खेकडे सोडले, तर न कोरलेल्या शंखात इतरांचा निभाव लागत नाही. गोगलगाय मेली तर कोरा शंख मिळतो, आपला जातभाई मेला तर तयार घर.

वास जागेपर्यंत आणतो, निवड मात्र स्पर्शाने होते. खेकडा शंख पायांनी फिरवतो, शंखाच्या तोंडातून नांगी आत घालून चाचपतो आणि पसंत पडला, तर क्षणात उघडे पोट एका शंखातून काढून दुसऱ्यात सरकवतो. त्याने सोडलेला शंख त्याच्याहून लहान खेकडा घेतो, त्याचा आणखी लहान. त्यामुळे एका मरणातून जमलेल्या अनेकांची सोय होऊ शकते.

हीच साखळी प्लॅस्टिकच्या कचऱ्यात जीवघेणी ठरते. तोंड वर करून पडलेल्या बाटलीत खेकडा शिरतो, गुळगुळीत भिंतीवरून त्याला बाहेर पडता येत नाही आणि तो आत मरतो. त्याचा वास ‘शंख मोकळा झाला’ असे सांगत पुढच्याला आत ओढतो. हिंदी महासागरातील कोकोस बेटे आणि प्रशांत महासागरातील हेंडरसन बेट येथे अशा कचऱ्यात सुमारे ५ लाख ७० हजार खेकडे अडकून मरत असल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच डब्यात ५२६ खेकडे सापडले होते.